अर्धवट बी.कॉम. ऑनलाइन पूर्ण करायचंय? आधी जुन्या सेमिस्टरांचा हिशेब लेखी मागा

डिचोलीहून आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्या ताईंनी २०१७ साली गोवा विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेतला. चार सेमिस्टर पूर्ण पास, पाचव्यात दोन पेपर राहिले, सहावं चालू असताना टाळेबंदी आली. घरचं दुकान बंद पडलं आणि त्या नोकरीला लागल्या. मधल्या काळात लग्न झालं. आज कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहेत. पदवी नाही म्हणून बढती अडलीय, आणि सरकारी जाहिरातीतल्या पदवीधरांच्या जागा सोडून द्याव्या लागतात. एका एजंटाने सांगितलंय की क्रेडिट ट्रान्सफर करून, म्हणजे जुने पास विषय दुसऱ्या विद्यापीठात धरायला लावून, सहा महिन्यांत डिग्री हातात देतो. त्याला पाच हजार टोकनही दिलंय. आता दोन खाजगी ऑनलाइन विद्यापीठं आणि इग्नू (दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) यांतलं काय निवडू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, विद्यापीठ सगळ्यात शेवटी निवडायचं. त्याआधी तुमच्या पाच सेमिस्टरांतलं काय काय कोण मान्य करतंय, हे कागदावर यायला हवं. मी वाणिज्य शिकवलं आणि बरीच वर्षं मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचं काम पाहिलं. तिथे येणारी बहुतेक माणसं फी विचारून, जाहिरात बघून आधी नाव नोंदवायची आणि जुनी मार्कशीट नंतर पुढे करायची. तोवर प्रवेश पहिल्या वर्षाला झालेला असायचा आणि फीही भरलेली असायची.

पहिली खेप मारायची ती तुमच्या जुन्या कॉलेजात. लाज वाटते म्हणून लोक तिथे जायचं टाळतात आणि बाहेर तीन वर्षं घालवतात. ऑफिसमध्ये हेड क्लार्कना भेटा, पी.आर. नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) सांगा आणि तीन गोष्टी विचारा. माझ्या बॅचच्या अभ्यासक्रमाची मुदत संपली का? संपली असेल तर ती वाढवून मिळायची काही तरतूद आहे का? आणि माझे जुने पेपर आता बंद झाले असतील, तर नव्या अभ्यासक्रमातला कुठला पेपर त्यांच्याऐवजी धरतात? गोव्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यामुळे तुमचे पेपर त्याच नावाने आज सापडणार नाहीत. पण अभ्यासक्रम बदलला की विद्यापीठं जुन्या मुलांसाठी काही संधी ठेवतात, निदान समकक्ष पेपरांची यादी तरी काढतात. कॉलेजने हात वर केले तर ताळगावच्या पठारावर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी 'आता होत नाही' म्हणणाऱ्याला तेच लिहून द्यायला सांगितलं की पुष्कळदा फाइल उघडली जाते. इथून होकार आला, तर राहिलेले दोन पेपर आणि एक सेमिस्टर एवढंच काम उरतं, आणि त्याच्याशी बरोबरी करेल असं एकही ऑनलाइन विद्यापीठ नाही. सहाव्या सेमिस्टरला हजेरी मात्र लागेल. ती नोकरीत कशी बसवायची हे कंपनीशी बोलून ठरवावं लागेल.

नकार आला, तर मग क्रेडिटचा विषय. क्रेडिट म्हणजे एखाद्या विषयाला किती अभ्यास लागतो त्याचं माप.

एजंट ज्या 'क्रेडिट बँके'चं नाव घेतो ती खरी आहे. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ मध्ये नियम करून सुरू केलेली. तुम्ही पास केलेल्या विषयांची क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात, डिजिलॉकरमधून दिसतात, एका विद्यापीठातून दुसरीकडे नेता येतात, आणि साधारण सात वर्षं टिकतात. पण त्या नियमात एक अट आहे जी जाहिरातीत कोणी छापत नाही: २०२१-२२ किंवा त्यानंतर केलेल्या विषयांचीच क्रेडिट तिथे चालतात. तुमचा सगळा अभ्यास २०२० च्या मार्चपूर्वीचा. म्हणजे या बँकेत तुमच्या नावावर जुनं काही जमा नाही आणि होणारही नाही. खातं मात्र उघडावं लागेल, कारण नवीन प्रवेशाला ते लागतं. तुमच्या धाकट्या भावंडांपैकी कोणी २०२२ नंतर कॉलेज सोडलं असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. त्याने डिजिलॉकर उघडून कॉलेजने क्रेडिट चढवली आहेत का ते बघावं, नसतील तर कॉलेजच्या मागे लागावं. त्याच्या सात वर्षांचं घड्याळ चालू आहे.

आता त्या सहा महिन्यांचा हिशेब करू. आज तीन वर्षांची पदवी म्हणजे १२० क्रेडिट, चार वर्षांची १६०. सेमिस्टरला साधारण २०. क्रेडिट बँकेच्या नियमांत असंही आहे की जे विद्यापीठ पदवी देणार, त्याच्याकडचीच निदान निम्मी क्रेडिट हवीत. म्हणजे तुमचं जुनं सगळंच्या सगळं मान्य झालं असं धरलं, तरी ६० क्रेडिट नव्या ठिकाणी करायचीच, आणि ६० क्रेडिट म्हणजे तीन सेमिस्टर, दीड वर्ष. बँकेबाहेर, स्वतःच्या नियमाने क्रेडिट घेणारी विद्यापीठंही साधारण याच मापाने चालतात. मग सहा महिन्यांत डिग्री येते कुठून? एकच वाट उरते: मागच्या तारखेचा प्रवेश दाखवायचा आणि दोन वर्षांच्या मार्कशीट एकदम छापायच्या. हा सरळ गुन्हा आहे. आणि तो उघडकीला येतो तो नोकरी लागल्यावर, खात्याने पडताळणीसाठी विद्यापीठाला पत्र पाठवलं की. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

तर तुमच्यासारख्यांसाठी खरं चित्र असं. जुन्या विद्यापीठात संधी मिळाली तर सगळ्यात लवकर. नवीन विद्यापीठाने तिसऱ्या किंवा चौथ्या सेमिस्टरला थेट घेतलं तर दीड-दोन वर्षं. कोणी काहीच मान्य केलं नाही तर पूर्ण तीन. शेवटचा पर्याय ऐकून नाक मुरडू नका. दीड आणि तीन यांत दीडच वर्षाचा फरक आहे. त्यासाठी कागद जमवण्यात आणि पत्रव्यवहारात वर्ष घालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी पहिल्याच महिन्यात पहिल्या वर्षाला नाव घातलं असतं तर एक तृतीयांश वाट सरली असती. म्हणून स्वतःला एक मुदत घालून घ्या. समजा पुढच्या प्रवेशसत्रापर्यंत मान्यतेचं पत्र आलं तर ठीक, नाहीतर नव्याने सुरुवात.

हे पत्र म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. प्रवेश विभागातला मुलगा व्हॉट्सअॅपवर लिहितो, 'मॅडम, तुमची क्रेडिट ट्रान्सफरसाठी पात्र आहेत.' याचा अर्थ शून्य. पात्र आहेत म्हणजे अर्ज करू शकता, एवढंच. तुम्हाला हवंय ते विद्यापीठाच्या कुलसचिव किंवा विद्यार्थी नोंदणी विभागाच्या ईमेलवरून आलेलं पत्र, आणि त्यात चार गोष्टी हव्यात. तुमचे कुठले पेपर मान्य झाले, नावानिशी. त्यांच्या बदल्यात आमचे कुठले विषय माफ, तेही नावानिशी. एकूण किती क्रेडिट धरली. आणि तुम्हाला कितव्या सेमिस्टरला प्रवेश. यातलं एक जरी गाळलं असेल तर उलट विचारा.

असं पत्र यायला ते लोक टेबलावर काय करतात, हे माहीत असलं तर तुमची तयारी बरी होते. तुमची मार्कशीट एका बाजूला, त्यांचा अभ्यासक्रम दुसऱ्या बाजूला. समजा तुमच्याकडे कॉस्ट अकाउंटिंग पास आहे. त्यांच्याकडेही त्या नावाचा विषय आहे. पण नाव जुळलं म्हणजे झालं नाही. तुमच्या पेपरात मार्जिनल कॉस्टिंग होतं का, किती तासांचा होता, किती गुणांचा होता, हे बघितलं जातं, आणि ते मार्कशीटवर नसतं. ते अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत असतं. म्हणून कॉलेजात गेलात की मार्कशीटांबरोबर तुमच्या बॅचचा, म्हणजे २०१७ चा, अभ्यासक्रम मागा, आणि जे पेपर पास आहेत तेवढ्या पानांवर कॉलेजचा शिक्का घ्या. ट्रान्स्क्रिप्टही, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा अधिकृत कागदही, काढून ठेवा. आजचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून जोडला तर तो तुमचा नव्हेच. तपासणारा माणूस तेवढ्यावरून अर्ज परत पाठवतो. भाषेचे आणि पर्यावरणासारखे सक्तीचे पेपर सहसा अडत नाहीत. अडतात ते तुमच्या कॉलेजने ऐच्छिक म्हणून ठेवलेले, दुसरीकडे जोडीदार न सापडणारे. ते सोडून द्या, त्यावर भांडू नका. पाचव्या सेमिस्टरचे पास झालेले पेपरही बरीच विद्यापीठं धरत नाहीत, त्यांना वर्ष पूर्ण लागतं. म्हणून तुमची ताकद पहिल्या चार सेमिस्टरांची आहे, असं धरून चला.

इग्नूची स्वतःची क्रेडिट ट्रान्सफरची पद्धत आहे, अर्ज आणि फी भरून. गोव्यात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे समोरासमोर विचारता येतं. ही सोय मला ऑनलाइन विद्यापीठांच्या चॅटबॉटपेक्षा फार मोलाची वाटते. (गोवा विद्यापीठ आणि इग्नू दोन्ही १९८५ ची. एकाने मुलांना पठारावर बोलावलं, दुसऱ्याने पुस्तकं पोस्टाने घरी पाठवली.) निर्णय मात्र केंद्रात होत नाही, दिल्लीला होतो, आणि वेळ लागतो. आणखी एक: तुम्ही किंवा घरातल्या कोणी पूर्वी इग्नूलाच नाव घालून सोडलं असेल, तर त्यांच्याकडे मुदत संपलेल्यांसाठी पुनःप्रवेशाची सोय असते. जुने पास विषय तसेच राहतात, उरलेल्यांची फी भरायची. जुनी नोंदणी विसरून कोणी नव्याने प्रवेश घ्यायच्या बेतात असेल, तर हे त्याला जरूर सांगा.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही नाव तुमच्या कानावर येईल, विशेषतः मराठी माध्यमासाठी. एक भेद लक्षात ठेवा. राज्याचं मुक्त विद्यापीठ दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर चालवू शकत नाही. म्हणून म्हापशात किंवा मडगावात कोणी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं 'अधिकृत केंद्र' म्हणून पाटी लावली असेल, तर तिथे पाऊल टाकू नका. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द नाही, तो देशात कुठूनही करता येतो. तुमचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालंय. आता मराठीतून करायचं म्हटलं तर लेखापरीक्षणाच्या परिभाषेपासून सगळं नव्याने बसवावं लागेल. बी.ए. करणाऱ्याला मी मराठी माध्यम आनंदाने सांगतो, बी.कॉम. अर्धं झालेल्याला नाही.

मान्यतेची तपासणी दहा मिनिटांची आहे, पण ती स्वतः करायची, एजंटाने पाठवलेल्या फोटोवर जायचं नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र असं तिन्ही बघा. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. एखाद्याला एम.बी.ए.ची असते, बी.कॉम.ची नसते. जानेवारी सत्राची असते, जुलैची यायची असते. २०२४ च्या सप्टेंबरपासून अशा अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला डीईबी आयडी (याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो, आणि तो याच सरकारी संकेतस्थळावर तुम्ही स्वतः काढायचा असतो. ज्याने 'आयडी आम्हीच काढतो, ओटीपी सांगा' म्हटलं, त्याला ओटीपी देऊ नका. बी.बी.ए. किंवा बी.सी.ए.कडे वळायचा विचार असेल तर २०२४-२५ पासून त्यांना एआयसीटीईचीही (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचीही) मंजुरी लागते, ती वेगळी बघा.

मान्यता असेल तर ऑनलाइन पदवी कमी दर्जाची का, ही तुमची शंका मनातून काढा. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, आणि २०२२ मध्ये त्यांनी हे पुन्हा स्पष्ट केलं. सरकारी जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' एवढंच असेल तर ती चालते. एखाद्या जागेला नेमका विषय मागितला असेल तर तो विषय पदवीवर दिसतो का ते बघा. खाजगी कंपनीत मात्र एच.आर.ला आधी विचारा, ईमेलवर. काही कंपन्या बढतीसाठी ठरावीक विद्यापीठांचीच यादी ठेवतात.

आता ज्या गोष्टीवर माझ्याकडची सगळ्यात जास्त माणसं गळली, ती म्हणजे परीक्षेचा महिना. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, केंद्रावर जाऊन, पेनाने. स्वाध्याय आधी लिहून द्यायचे, त्यांना साधारण ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के. जून म्हणजे आपल्याकडे पावसाचा जोर. डिसेंबर म्हणजे हॉटेल, शॅक, टॅक्सी, सगळ्यांचा सीझन. कळंगुटला रिसेप्शनवर काम करणाऱ्या मुलाला डिसेंबरात रजा मागून बघू द्या, मालक काय म्हणतो. असा माणूस असेल तर त्याने एका सत्रात कमी विषय घ्यावेत आणि जड पेपर जूनमध्ये टाकावेत. तुमच्या कंपनीत तो त्रास नाही, पण महिनाअखेरीला आणि मार्चला स्टॉक मोजणीत स्टोअर्सवाल्यांची काय तारांबळ उडते ते तुम्हीच जाणता.

ऑनलाइन विद्यापीठांची परीक्षा पुष्कळदा घरून, कॅमेऱ्यासमोर असते. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात दोन-तीन तास खुर्चीतून उठायचं नाही, खोलीत दुसरं कोणी यायचं नाही, मागून आवाज आला तरी सूचना झळकते. सत्तरी-डिचोलीत पहिल्या पावसात झाड तारेवर पडलं की वीज खात्याचा फोन लागत नाही, आणि वायफाय गेल्यावर परीक्षा आपोआप जमा झाली तर ती नापासातच जाते. म्हणून प्रवेशाआधी विचारा: लाइन तुटली तर परत संधी किती दिवसांत, आणि तिची फी आहे का? परीक्षा केंद्रावर देण्याचा पर्याय आहे का? केंद्र गोव्यात आहे की बेळगावला जावं लागेल? ज्याच्याकडे याची उत्तरं चटकन नाहीत, त्याचे व्हिडिओ कितीही झकपक असोत, मी ते विद्यापीठ यादीतून खाली ढकलेन.

तुमच्या प्रश्नात नसलं तरी गोव्यात हे सतत विचारलं जातं म्हणून सांगतो. हॉटेल मॅनेजमेंट अर्धवट सोडलेल्यांना ते ऑनलाइन पूर्ण करता येत नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर यांच्याबरोबर तेही बंदीच्या यादीत आहे. त्यांना पर्यटन किंवा वाणिज्याकडे वळावं लागतं, आणि तिथे जुन्या विषयांतले फार थोडे धरले जातात. बोटीवर असलेली मुलं अमेरिकेच्या ऑनलाइन कॉलेजांची चौकशी करतात. तिथे क्रेडिट घेण्याची पद्धत जुनी आणि सढळ आहे, तरी शेवटच्या क्रेडिटांचा एक वाटा त्याच कॉलेजात करावा लागतो. तिथेच नोकरी करायची असेल तर बघा. परत येऊन पर्वरीच्या सचिवालयात अर्ज करायचा असेल तर परदेशी ऑनलाइन पदवीच्या समकक्षतेचं झेंगट मागे लागतं. त्यापेक्षा इथलीच मान्यताप्राप्त पदवी बरी.

दोन खाजगी विद्यापीठांतलं कुठलं, हे मी सांगणार नाही. दोघांनाही एकाच दिवशी तीच मार्कशीट आणि तीच शिक्का मारलेली पानं पाठवा आणि पत्राची वाट बघा. ज्याच्या पत्रात जास्त पेपर नावानिशी मान्य होतील आणि परीक्षेच्या प्रश्नांना सरळ उत्तर असेल ते घ्या. फी तुलना करताना सेमिस्टरची बघू नका. परीक्षा फी, माफ केलेल्या विषयांची फी, नापास झाल्यास पुन्हा बसायची फी, पदवीदान फी, सगळं धरून पदवी हातात येईपर्यंतचा आकडा मागा. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरा.

त्या पाच हजारांचं म्हणाल, तर पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा. विद्यापीठाच्या नावाची असेल तर प्रवेश रद्द करून परताव्याचा अर्ज विद्यापीठाकडे करता येतो. एजंटाच्या नावाची, किंवा नुसता जीपेचा स्क्रीनशॉट असेल, तर परत मागणीचा मेसेज लिहून पाठवा म्हणजे नोंद राहील, आणि मूळ मार्कशीट त्याच्याकडे दिल्या असतील तर पैशांची वाट न बघता उद्याच त्या परत आणा. झेरॉक्सवर त्याचं काम भागतं.

आणि ज्याने सगळं अडेल ते बारीकसं काम: नाव. तुमच्या मार्कशीटवर माहेरचं नाव असणार. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव घातलं असेल, तर डिजिलॉकर, क्रेडिट खातं, डीईबी आयडी आणि जुनी मार्कशीट यांचा मेळ बसत नाही, आणि प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात आयडी निघायचा राहतो. आधार बदललं नसेल तर पदवी होईपर्यंत मुळीच बदलू नका. बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि नव्या विद्यापीठाला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा की पदवीवर कुठलं नाव छापणार. माझा सल्ला माहेरच्याच नावाचा, कारण तुमचा दहावीचा आणि बारावीचा दाखला त्याच नावाने आहे, आणि पुढे पडताळणी तिथूनच सुरू होते.